ज्यांचं तुझ्याशी पटलं नाही

रविवार, संकष्टी चतुर्थी. दुपारी चार वाजता आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर तुझी शोकसभा झाली. भाड्याच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं आणि एक हार धरून दोन हजार एकशे चाळीस रुपये खर्च आला, तो सोसायटीनं केला. हजर माणसं बासष्ट. खुर्च्या पन्नास आणल्या होत्या, म्हणून बाकीचे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. आपल्या बिल्डिंगमधले याआधी दोघं गेले. दोघंही देवाधर्माचं नेमानं करणारे. दोन्ही वेळा खुर्च्या उरल्या होत्या.

अशोक, तुला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी तिथं बसून खुर्च्या मोजत होतो. माझ्या सभेला किती येतील याचाही अंदाज काढला. पन्नास पुरतील.

मग सुनंदावहिनी उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा. "ह्यांनी सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या, "माझ्याशी ज्यांचं पटलं नाही त्यांनीच बोलायचं. ज्यांचं पटलं त्यांनी चहा प्यायचा." लोक हसले. शोकसभेत माणसं हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्यापासून सुरुवात करा."

मी काय बोललो ते पुढे येईलच. आधी जे बोलायला हवं होतं ते लिहितो. मला तुझा हेवा वाटायचा. तू चांगला शेजारी होतास, माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर बाकावर बसला होतास, त्याची जाण मला आहे आणि राहील. पण समोरासमोरच्या दारांत अठरा वर्षं काढून तुझ्याबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेवा हेच आहे. तू गेलास म्हणून तो गेलेला नाही.

मी चामटोली गावचा. घरची शेती, गावदेवी, वर्षाचे सगळे सण. बदलापुरात कात्रपला फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्याच शनिवारी दारावर लिंबू-मिरची बांधत होतो. समोरच्या दारात तू कचऱ्याची बादली घेऊन उभा.

"नवीन का? मी अशोक. अंबरनाथला केमिकल कंपनीत लॅबला असतो. एक विचारू? हे लिंबू सुकतं ते नजरेनं की उन्हानं?"

"नजरेनं," मी म्हटलं.

"मग एक दारात बांधा, एक कपाटात ठेवा. आठवड्यानं बघू."

आतून रंजना हसली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माझ्या बोलण्यावर माझी बायको अशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. तिथूनच सुरू झालं असं धर.

लोक तुला नास्तिक म्हणायचे. तू नास्तिक नव्हतास, तू विचारणारा होतास, आणि विचारताना कुणाचा धर्म कुठला ते बघत नव्हतास. एका पौर्णिमेला मला तुमच्या विहारात घेऊन गेलास. वंदना झाली, खीर यायची होती, तेवढ्यात तू उभा राहिलास. "आमच्या आजोबांनी धर्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. पण ज्या कोनाड्यात देव होते त्याच कोनाड्यात मग फोटो ठेवले. देव गेले, कोनाडा राहिला. तो कधी सोडायचा?" मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याला दर वेळी काय होतं?" वहिनींनी कपाळाला हात लावला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, बसल्या जागेवरून म्हणाले, "अशोक, कोनाडा भिंतीत असतो. भिंतीला धक्का न लावता तुझा काढून दाखव. मग मी माझा काढतो."

तू डोकं खाजवलंस. "नाही जमायचं, सर."

"मग बस आणि खीर खा."

तू बसलास, खीर खाल्लीस, आणि निघताना तेच गुरुजी तुझ्या खांद्यावर हात टाकून जिना उतरले. मी मागून चपला शोधत होतो. लहानपणापासून माझ्याकडे एक प्रश्न आहे. जत्रेला गावदेवीसमोर बोकड कापतात, तो सगळा आपणच खातो, मग देवीला त्यातलं काय मिळतं? हा प्रश्न मी गावात कधी विचारला नाही. विचारला असता तर माझ्या खांद्यावर कुणी हात टाकला असता का, हे त्या दिवशी जिना उतरताना मला पहिल्यांदा सुचलं.

सोसायटीच्या सत्यनारायणाला तू पूजेला बसायचा नाहीस, पण प्रसादाचा शिरा तुझाच. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा, सगळं लॅबमधल्यासारखं तोलून. "तुमच्या देवाला माप लागतं, मला माप आवडतं," म्हणायचास. कथा संपली की भटजींना विचारायचास, "चूक एकाची आणि नाव बुडाली सगळ्यांची. त्यात वल्ही मारणारे होते त्यांचं काय?" भटजी म्हणायचे, "पुढच्या वर्षी सांगतो," आणि खरंच पुढच्या वर्षी काहीतरी नवं उत्तर घेऊन अर्धा तास लवकर यायचे. मी यजमान म्हणून सोवळं नेसून तीन तास पाटावर बसलेला असायचो. माझ्याशी ते 'आचमन करा' एवढंच बोलायचे.

त्यातल्या एका वर्षी आई गावाहून आली होती. प्रसाद हातावर घेऊन तिनं विचारलं, "शिरा कोनी केला?" सगळे गप्प झाले. का गप्प झाले ते तिथं प्रत्येकाला कळत होतं, आणि तुला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. तू पातेलं घेऊनच पुढे आलास.

"मी केला, आत्या. गोड कमी पडलं का?"

आईनं तुझ्याकडे बघितलं, मग हातावरच्या शिऱ्याकडे. "बेस झालाय," ती म्हणाली. "आजून थोरासा घाल."

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा कात्रपला आली, तेव्हा आधी तुझ्या दारात थांबली. माझ्या दारात चपला काढायच्या आधी.

माझ्या नोकरीच्या जागीसुद्धा तू मला सोडलं नाहीस. उल्हासनगरला ज्या सिंधी सेठच्या कापडाच्या पेढीवर मी हिशेब बघतो, तिथं तू पडद्याचं कापड घ्यायला आलास. गादीमागच्या भिंतीवर सेठनी झाडून सगळे देव, गुरू आणि बाबा लावलेत. तू ते सावकाश बघितलेस आणि म्हणालास, "सेठ, इतने सारे? एक पे भरोसा नहीं?" माझ्या हातातलं पेन थांबलं.

सेठ म्हणाले, "भाई, खाता भी तीन बँक में रखता हूँ." मग सरकून जागा केली. "आओ, ऊपर बैठो."

तुम्ही चहा मागवलात, तासभर बोललात. देव ऐकतो तर आधीच का ऐकत नाही, फाळणीत त्यांचे वडील सगळं सोडून आले तेव्हा तो कुठं होता, आणि तरी वडिलांनी त्या बोचक्यात भांडी न घेता देवाची तसबीर का घेतली. सेठचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पाहिले. कापडावर तुला सूटही मिळाली. मी त्या पेढीवर वीस वर्षं आहे, अशोक. त्या गादीवर मला अजून कुणी बसवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सेठनी मला काय विचारलं असेल? "वो तुम्हारा दोस्त फिर कब आएगा?"

एकदाच मी तुला पकडलं होतं. जिन्यात म्हटलं, "लॅबमध्ये सॅम्पल नापास झालं तर पुन्हा तपासता ना? देवाला एकदाच नापास करून मोकळा झालास?" तू थांबलास. "बरोबर आहे," म्हणालास. "पुन्हा तपासू." आणि पुढच्या सोमवारी खरंच माझ्याबरोबर अंबरनाथच्या शिवमंदिरात आलास. रांगेत उभा राहिलास, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात आलास. मी पिंडीवर बेल वाहिला, डोळे मिटले. उघडले तर तू मान वर करून उभा. त्या गाभाऱ्यावर शिखर नाही, वर सरळ आभाळ दिसतं.

"पटलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"जागा पटली. देवाच्या डोक्यावर छप्पर नाही, हे मला फार आवडलं."

मी कॉलेजात असल्यापासून तिथं जातो. वर बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. आता दर सोमवारी आधी तेच दिसतं, आणि ते तुझं असतं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. ऋतुजाचं मात्र सोसलं नाही.

ती आठवीत असताना तिनं रंजनाला विचारलं, चार दिवस देवाला हात का लावायचा नाही. रंजना म्हणाली, तसंच असतं. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, आईला विचार. ती दोघांना ओलांडून तुझ्या दारात गेली. तेव्हापासून तिचं तुझ्याकडे जाणं सुरू झालं. दहावी, बारावी, कॉलेज. दर रविवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी तुमची बैठक. दोन दारं आणि मधला पॅसेज, तरी मला तुमचं हसणं ऐकू यायचं, वाद ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. रंजना म्हणायची, "एवढं आहे तर जाऊन बसा की." मी जात नव्हतो. माझ्या मुलीला भेटायला दुसऱ्याच्या घरी का जायचं?

एकदा तुला स्पष्ट म्हणालो, "माझ्या मुलीला देव नाही असं शिकवू नकोस."

"मी काय शिकवणार? ती बोलते, मी कांदे चिरतो."

"मग ती आता देवाला हात का जोडत नाही?"

"ते तिला विचार ना, भोईर. मला काय विचारतोस?"

बरोबर होतं. पण तिला विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि ते तुझ्या आवाजात असणार अशी माझी खात्री होती.

तुझा आजार निघाला तेव्हा सगळं उरकल्यातच जमा होतं. हॉस्पिटलमध्ये मी सोमवारचा अंगारा घेऊन आलो. तू पुडी बघितलीस आणि म्हणालास, "खिशातच ठेव. लागला तर मागतो."

"आता तरी, अशोक."

"आता तरी काय? भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. रात्री तर फार वाटते. पण मला भीती वाटली म्हणून देव खरा ठरत नाही." मग दम घेतलास. "आणि वाटली नसती तर खोटाही ठरला नसता. दोन्हीकडून पुरावा नाही. आता तू बोल."

मी बोलणार होतो. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला काहीतरी होतं. तेवढ्यात नर्स आली, म्हणाली वेळ संपली. तू म्हणालास, "उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावर मास्क होता, तू बोलू शकत नव्हतास आणि ऐकतोयस का तेही कळत नव्हतं.

त्या रात्री वहिनींचा फोन आला, तेव्हा कळलं की मी निघाल्यावर, संध्याकाळी, ऋतुजा कॉलेजमधून परस्पर तुझ्याकडे आली होती. नर्सनं तिला आत सोडलं. अर्धा तास तुम्ही बोलत होता. म्हणजे तुझं शेवटचं बोलणंही तिलाच मिळालं, आणि तिचं तुला. मला दोघांकडूनही काही उरलं नाही. ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "नंतर सांगते." तुझे सगळे विधी, म्हणजे तू होऊ दिलेस तेवढे, पार पडले. तिनं सांगितलं नाही. तुझ्या जाण्याचं दुःख करायचं सोडून मी त्या अर्ध्या तासाच्या मागे लागलो होतो.

तर सभेत वहिनींनी मला उभं केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माझं आणि अशोकचं पटत नव्हतं. हे खरं आहे." एवढंच. मी खाली बसलो.

मग टाकीच्या कठड्यावरून ऋतुजा उठली. मला वाटलं, हिला कोण बोलू देणार, हिचं तर सगळंच पटत होतं.

"माझंही काकांशी पटत नव्हतं," ती म्हणाली. वहिनींनी मान डोलावली, जणू त्यांना ठाऊक होतं. "मी काकांकडे जायचे ती बाबांच्या बाजूनं भांडायला. काकाच म्हणायचे, भोईर इथं असता तर काय म्हणाला असता ते सांग. मला माहीत नसायचं, कारण बाबा घरी यावर बोलतच नाहीत. मग मी त्यांच्याकडे बघून बघून उत्तरं बनवायचे. सकाळी देवापुढे ते किती वेळ उभे राहतात, कुठल्या दिवशी जास्त, कुठल्या दिवशी पटकन आवरतात. मी बहुतेक हरायचे. दोन-तीनदाच काका गप्प बसले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत हे बरं झालं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. म्हणजे त्या सगळ्या रविवारी मी तुझ्या ओट्याशी होतो. टीव्हीचा आवाज कमी करून मी माझाच वाद ऐकायचा प्रयत्न करत होतो. माझी बाजू कुणी तरी मांडत होतं, जीव तोडून मांडत होतं, आणि ती ऐकायला मिळाली तुला. त्या दोन-तीन वेळा मी असं काय बोललो होतो की तू गप्प बसलास? मला ते माहीत हवं होतं, अशोक. तू मला जिन्यात कधीही सांगू शकला असतास.

सभा संपली. वहिनींच्या बहिणीला परत जायचं होतं. ऋतुजा आणि मी तिला स्टेशनला सोडून रिक्षानं घरी निघालो. कुळगावचा नाका आला. मग मी विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाला तो?"

"रागावणार नाही ना?"

"नाही."

"मी नेहमीसारखं तुमच्या बाजूनं सुरू केलं. तर म्हणाले, आता अंदाज पुरे. मला वेळ नाही. हे तू बोलतेस, तो नाही बोलत. जा आणि त्याला विचार, आणि मग मला येऊन सांग." ती बाहेर बघत होती. "मी घरी आले आणि तुम्ही दार उघडून पहिलं हेच विचारलंत, काय म्हणाला. मला रडू आलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांना ऐकू जात नव्हतं."

"काय विचारायचं होतं?"

रिक्षा गेटपाशी येऊन थांबली होती. दोघंही उतरलो नाही. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "काका, हीच ना बिल्डिंग?"

"हीच. थांब जरा."

त्यानं इंजिन बंद केलं.

"तुम्हाला कधी शंका येते का?" ऋतुजा म्हणाली. "एवढंच."

"येते," मी म्हटलं.

"कधी?"

"रोज. सकाळी दिवा लावताना."

"मग काय करता?"

"मग दिवा लावतो."

ती माझ्याकडे वळली. माझ्याकडे असं ती खूप वर्षांनी बघत होती. "बाबा, हे मला माहीत असतं ना, तर मी काकांकडून एकदाही हरले नसते."

रिक्षावाला पुढे बघत म्हणाला, "आमच्याकडं पण आहे असं. बायको मानते, मी नाही. पण उपास मलाच धरायला लावते." ऋतुजा हसली. मीही हसलो. मग ती म्हणाली, "पण शंका येते तर लावता कशाला? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. बराच वेळ सांगत होतो. गावदेवीचं सांगितलं, बोकडाचंही. ती मध्येमध्ये अडवत होती, दोन ठिकाणी तिनं मला निरुत्तर केलं, एका ठिकाणी मी तिला. तू असतास तर कुठं हसला असतास तेही मला कळत होतं. पण काय बोललो ते मी इथं लिहिणार नाही आणि तुला सांगणार नाही. तू ऐकायला थांबला असतास तर गोष्ट वेगळी होती. तुझ्याकडे माझं पुष्कळ आहे. एवढं माझ्याकडे राहू दे.

रिक्षावाला शेवटी म्हणाला, "काका, वेटिंगचं काय ते बघा." बदलापूर स्टेशन ते कात्रप चाळीस रुपये आणि थांबून राहिल्याचे तीस, असे सत्तर रुपये मी रिक्षावाल्याला दिले.